शहर न पाहिलेली गाडी

गाड्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. शहरापासून लांब, ज्वारीच्या रानात, दामिनी या वेगवान गाडीचं स्टेशन होतं. शहरातली माणसं तिथवर पोचवायची ठुमकी, दोन डब्यांची छोटी गाडी. ती शेजारी येऊन थांबली की दामिनी विचारायची, "काय गं, आज शहरात काय पाहिलंस?" ठुमकी सांगायची: तळ्यावरचं धुकं, बेकरीचा वास, फाटकाशी हात हलवणारी कासारीण. दामिनी डोळे मिटून ऐकायची.

ठुमकीला मात्र आपल्या हळूपणाची लाज वाटे. एके सकाळी कुठंही न बघता ती सुसाट धावली आणि धापा टाकत स्टेशनात शिरली.

"आज काय पाहिलंस?"

ठुमकीला काहीच आठवेना. "पण किती लवकर आले बघ!"

दामिनी हळूच म्हणाली, "अगं, माझे रूळ शहराबाहेरूनच जातात. मी एकही शहर पाहिलेलं नाही. तू सांगतेस तेवढंच माझं शहर."

शिट्टी झाली आणि दामिनी निघून गेली.

परतताना फाटकाशी कासारीण उभी होती. ठुमकी इतकी हळू झाली, की तिच्या हातातल्या बांगड्यांचे रंगसुद्धा दिसले. उद्यासाठी ठुमकीनं ते एकेक करून मनात भरून घेतले.