मांजराला वय कळत नाही

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, पण तेव्हाही म्हातारे म्हणायचे, "आमच्या वेळी असं नव्हतं."

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. भांडण झालं की धाकट्याने यायचं, थोरल्याच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि थोरल्याने म्हणायचं, "जा, माफ केलं." चूक कोणाची, हे कोणी विचारायचं नाही. मोठी माणसं चुकत नाहीत असं त्या गावात सगळे मानत. सगळे म्हणजे मोठी माणसं.

तिथे सटवाजी नावाचा दोर वळणारा राहायचा. बायको केव्हाच वारलेली. घरात तो, त्याची तरणी लेक येसू आणि एक करडी मांजर. दोर वळायला दोघं लागतात. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने वाख, म्हणजे अंबाडीचे धागे, सोडत सोडत मागे सरकायचं. चाक येसूकडे, वाख बापाकडे. वाख कुरतडायला येणाऱ्या उंदरांचं मांजर बघून घ्यायची. तिघांचं बरं चाललं होतं.

एकदा पाटलाच्या विहिरीवरच्या मोटेचा नाडा, म्हणजे पाणी ओढायचा जाड दोर, वळायचा होता. वाख अजून ओलसर होता. येसू म्हणाली, दोन दिवस उन्हात राहू दे. सटवाजीला घाई होती, आणि त्यातून पोरीने त्याला शिकवावं? त्याने ओल्याच वाखाचा नाडा वळून घेतला. नाडा आतून कुजत गेला आणि महिन्याभरात, बैल मोट ओढत असताना, भर उतारावर तुटला. पाटलाचा बैल तोंडावर आपटला. पाय मोडला बिचाऱ्याचा.

चावडीत सगळा गाव जमला. दोर कोणी वळला, असं विचारलं गेलं. सटवाजीने पाटलाच्या तोंडाकडे पाहिलं.

"चाक पोरीच्या हातात होतं," तो म्हणाला. "पीळ तिने सैल दिला."

येसू तिथेच उभी होती. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि त्याच दुपारी ओढ्यापलीकडच्या गावी मावशीकडे निघून गेली.

सटवाजीने निरोप धाडला, ये, पाया पड, मी माफ करीन. बघा, खोटं बोलला हा आणि माफ तिला करणार होता. ती आली नाही. दुसऱ्या निरोपालाही आली नाही. तिसऱ्या वेळी निरोप्या सांगत आला, की ती नुसती हसली. सटवाजीच्या डोक्यात तिडीक गेली. समोर वाखाच्या ढिगावर मांजर झोपली होती. तिचा काय संबंध? पण हाताला दोराचा तुकडा लागला आणि त्याने तो तिच्या पाठीत घातला.

मांजर उडाली ती थेट शेजारच्या कोंडाक्काच्या भिंतीवर जाऊन बसली. घर पार रिकामं झालं.

म्हातारा वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. जेवायला बसताना सवयीने दोन पाट मांडायचा आणि एक उचलून ठेवायचा. चाक एकट्याने चालेना. उंदरांनी वाखाचा भुगा केला. तेव्हा त्याने मांजरीला हाक मारली, येसूला हाक मारायचा तशीच, ओट्यावर बसून, कपाळाला आठ्या घालून. मांजर पंजा चाटत बसली. त्याने दुधाची वाटी ठेवली आणि ती वाटीशी आल्याबरोबर तिची मानगूट धरली. दोर वळणाराच तो. पायाला दोरी बांधून तिला खांबाशी ठेवली. मांजरीने त्याच्या मनगटावर चार रेघा ओढल्या, पाय सोडवून घेतला आणि पुन्हा भिंत गाठली.

कोंडाक्का भिंतीपलीकडून हे सगळं बघत होती. ती सटवाजीपेक्षाही म्हातारी, पण तोंडाने तिखट. सटवाजी तिला सांगू लागला, की इतकी वर्षं खाऊपिऊ घातलं, तरी बघा कशी उलटली.

"मांजराला तुझं वय कळत नाही, सटवाजी," कोंडाक्का म्हणाली. "तुझा हात कळतो."

सटवाजीला राग आला. मग बराच वेळ तो आपल्या हाताकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावरून उतरला आणि भिंतीच्या बुडाशी मातीत बसला. हाक मारली नाही. हात उघडा करून जमिनीवर ठेवला, एवढंच. मांजर आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ती अर्ध्यावर आली आणि परत फिरली. धरावं असं त्याला फार वाटलं, पण त्याने धरलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याची बोटं हुंगली आणि पाठ त्याच्या गुडघ्याला घासली. जिथे मारलं होतं तिथे तिचे केस अजून उभे राहत होते. सटवाजीला रडू फुटलं.

तो उठला आणि तसाच मातीने माखलेल्या धोतरानिशी ओढा ओलांडून गेला.

येसू मावशीच्या अंगणात सुपाने धान्य पाखडत होती. तिने मान वर केली नाही. सटवाजी खाली बसला.

"वाख ओला होता," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस. मी पाटलाला भ्यालो आणि तुझ्यावर घातलं."

सूप थांबलं. "हे मला माहीत आहे, आबा," येसू म्हणाली. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

चल घरी, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले आणि एकटाच परतला.

चावडीत जाऊन त्याने सगळं सांगितलं, तेही उभं राहून, भर लोकांत. पाटील तापला. पण बैलापेक्षा बाकीच्या म्हाताऱ्यांना दुसऱ्याच गोष्टीचं लागलं होतं. बापाने पोरीपुढे मान खाली घातली, तर उद्या आमची पोरं आम्हाला विचारतील, असं ते म्हणू लागले. विचारतीलच. त्यांनी ठरवलं, की सटवाजीने यापुढे थोरांच्या ओळीत बसायचं नाही. तो दाराशी जाऊन बसला. तिथे तरण्या पोरांनी त्याला जागा करून दिली.

आठ दिवस गेले. सटवाजीने निरोप धाडला नाही. नवव्या दिवशी सकाळी तो अंगणात वाख विंचरत होता, तेव्हा येसू आली. धावत जाऊन तिचा हात धरावा असं त्याला झालं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

येसू त्याच्या पाया पडली नाही. त्याच्याजवळ आली. मग म्हणाली, "आबा, जरा सरक."

तो सरकला आणि ती शेजारी बसली.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्या हाताने दुखावलं, वाकायचंही त्यानेच, मग तो वयाने कितीही मोठा असो.