गुणाजी आणि समोरची नवरी

फार लांबचं नाही, आपल्यासारखंच एक गाव. तिथं गुणाजी नावाचा एक भोळा राहायचा. सांगितलेलं सगळं ऐकायचा, तेच त्याचं दुखणं. आई भिवराबाई एकटी, आणि तिला एकच घोर: याचं लग्न व्हावं. तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथे पाहुणे उद्या घर बघायला येणार होते.

त्या दिवशी देवळात एक बुवा आले. म्हणाले, "आपण पाहतो म्हणून जग आहे. डोळे मिटले की काही नाही." एवढं सांगून बुवांनी पाच पुरणपोळ्या उघड्या डोळ्यांनी खाल्ल्या. ते गुणाजीने बघितलं नाही. त्याने फक्त ऐकलं.

दुपारी आई म्हणाली, "परसात बस. उद्याच्या भाजीची वांगी आहेत, बैल शिरू देऊ नकोस."

बैल शिरला. गुणाजीने डोळे मिटले.

संध्याकाळी वाफ्यात नुसते खुंट.

"बैल आला होता का रे?"

"आला होता. मी नाहीसा केला."

"मग वांगी कुणी खाल्ली?"

"डोळे उघडले की परत यायचा. सहा वेळा नाहीसा केला, आई. दमलो."

भिवराबाईने कपाळावर हात मारला. "अरे खुळ्या, तुला दिसो नाहीतर न दिसो, जे आहे ते असतंच!"

गुणाजीने हेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप आणि चुलता आले. गुणाजीने भाकरी वाढली, पिठलं वाढलं. मग रिकाम्या पातेल्यात पळी बुडवून दोघांच्या ताटात उपडी केली.

"वांग्याची भाजी."

"कुठाय?" बाप म्हणाला.

"दिसत नाही. पण आहे."

बापाला सहा मुली होत्या. त्याने एकदा ताटाकडे बघितलं, एकदा भिवराबाईच्या पक्क्या घराकडे बघितलं. घास मोडला. म्हणाला, "झकास झालीय. मीठ जरा कमी."

चुलत्याने आणखी थोडी मागून घेतली.

वेणूशी लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर आईने गुणाजीचा कान धरला. "रिकामं पातेलं वाढतोस?"

"पण त्यांनी खाल्ली की. मीठसुद्धा कमी निघालं. मग आई, भाजी होती की नव्हती?"

आता याला काय सांगणार? खरं सांगावं तर पाहुणे खोटे पडतात, आणि पाहुणे खोटे तर लग्नही मोडतं. भिवराबाई ओरडली, "तू आपले डोळे वापरू नकोस, डोकं तर मुळीच नको! चार माणसं म्हणतील ते खरं धर."

गुणाजी लग्नासाठी चपला घ्यायला गेला. लंगडत परत आला.

"लहान आहेत रे या!"

"दुकानात चौघं होते. चौघंही म्हणाले, मापाच्या आहेत."

"अरे, पण तुला लागतात ना?"

"लागतात. पण मला एकट्यालाच."

भिवराबाई पापड लाटत होती. तिने त्याच वेळी लाटणं घातलं असतं पाठीत, तर पुढचं टळलं असतं. पण वरमाईला वेळ कुठला?

लग्नाचा दिवस आला. गुणाजी पाटावर उभा राहिला. मधे अंतरपाट धरला, आणि समोर नुसता पांढरा कपडा. भटजी मंगलाष्टकं म्हणू लागले. गुणाजीने बाजूला उभ्या असलेल्या करवल्यांना हळूच विचारलं, "अहो, पलीकडे नवरी आहे ना?"

नवरीच्याच बहिणी त्या. अशी संधी सोडतात काय!

"कुठली नवरी?" पहिली म्हणाली.

"पळाली की!" दुसरी म्हणाली.

"मागच्या दाराने," तिसरी म्हणाली.

"मी बघितलं," चौथी म्हणाली.

गुणाजीने बोटं मोजली. चार भरली.

अंतरपाट निघाला. अक्षता पडल्या, वाजंत्री कडाडली, कुणाला कुणाचं ऐकू येईना. समोर वेणू उभी होती. डोक्याला मुंडावळ्या, हातात हार. साखरपुड्यात पाहिलेली तीच, तेच नाक, तीच हनुवटी. गुणाजीने नीट निरखून पाहिलं.

मग अदबीने म्हणाला, "ताई, जरा सरकता का? माझी नवरी पळालीय."

"अहो, ताई काय? मीच नवरी!"

"असाल हो," गुणाजी म्हणाला, "पण असं तुम्ही एकट्याच म्हणताय. त्या चौघी आहेत."

आणि आपला हार तिच्याच हाती सांभाळायला देऊन तो नवरी शोधायला मागच्या दाराने निघाला.