खाडीतली तीन तोंडं काय म्हणाली

एक होता राजा. त्याचं एक बंदर होतं, आणि त्या बंदराला एक भीती होती. सांगते, पण पांघरुणाबाहेर पाय काढायचा नाही, बरं का.

झालं काय, राजानं जहाजं बांधायला खाडीत सागाचा मोठा खुंट ठोकला. दुसऱ्याच दिवशी भरतीबरोबर पाण्यातून एकाच धडाची तीन तोंडं वर आली. एकेक तोंड घराएवढं. तिन्ही तोंडं ओरडायला लागली, तीन परक्या भाषांत. कौलं निसटली. म्हशी आटल्या.

राजाचा एक दुभाषा होता, भानजी. त्याला म्हणे सात भाषा येत. तपासणार कोण? दरबारात दुसऱ्या कुणाला एकही येत नव्हती. राजानं विचारलं, "काय म्हणतंय ते?" भानजीला एक अक्षर कळलं नव्हतं. पण तसं सांगितलं तर पगडी जायची. मग तो म्हणाला, "महाराज, दर वर्षी एक माणूस मागतंय."

मग काय, दर नारळी पौर्णिमेला एक माणूस होडीत बसवून खाडीत सोडायचा. चिठ्ठी वर्षभर आधी काढायची, म्हणजे त्याला घरची निरवानिरव करता येते. केवढा दयाळू राजा, नाही?

सहा माणसं गेली. सातवी चिठ्ठी धाकलू कोळ्याची निघाली. त्याला एकच मुलगी, पोशी. तिला आई नव्हती. धाकलू तिला जाळं विणायला शिकवू लागला. "मी नसलो की लागेल," म्हणाला.

पोशी म्हणाली, "बाबा, ते माणूस मागतं हे कशावरून?"

"भानजी सांगतो."

"आणि भानजीला कोण सांगतं?"

"हळू बोल, बये," बाप म्हणाला.

मग पोशी धक्क्यावरच्या म्हाताऱ्या खजूरवाल्याकडे गेली. पहिलं तोंड त्याच्यासारखंच घशातून बोलतं, हे तिनं हेरलं होतं. तो म्हणाला, "भाषा शिकायची तर आधी तीन शब्द. पाणी, भाकर, दुखतंय. बाकीचे मागून येतात." चार महिने तिनं त्याचा खजूर निवडला. मग दुसरी भाषा मणी विकणाऱ्या परदेशी बाईकडून घेतली, तिचं पोर कडेवर सांभाळत. तिसरी भाषा फक्त एका खलाशाला येत होती, आणि तो तुरुंगात होता. गुन्हा काय? त्याचं म्हणणं कुणाला कळलं नव्हतं, एवढाच. पोशी खिडकीतून त्याला पाणी द्यायची, शब्द घ्यायची.

एकदा वाटेत भानजीनं तिला गाठलं. खाली वाकून गोड आवाजात म्हणाला, "पोरी, जीभ लांब झाली की कापावी लागते." पोशी घराकडे पळत सुटली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी गेली.

मग तो दिवस आला. भर दुपारी वाजतगाजत धाकलूला होडीत बसवलं. पोशीनं मागून उडी मारली. होडी खाडीत गेली. पाणी काळं झालं. तीन तोंडं वर आली, कुजक्या माशांचा वास सुटला. धाकलूनं डोळे मिटले. पोशीनं कान उघडे ठेवले.

पहिलं तोंड म्हणालं, "दुखतंय."

दुसरं म्हणालं, "शेपटी अडकलीय."

तिसरं म्हणालं, "खुंट काढा."

पोशीनं तिसऱ्या भाषेत विचारलं, "आणि माणसं?"

तिन्ही तोंडं एकमेकांकडे वळली. मग तिसरं म्हणालं, "मी कुठे मागितली? तुम्हीच पाठवता. नुसती रडतात. मी मान लांब करून पलीकडच्या बेटावर ठेवतो, मासे टाकतो. न्यायला कुणी येतच नाही."

पोशीनं काठाकडे बघून ओरडून सगळं सांगितलं. चाळीस माणसांनी दोर लावून खुंट उपटला. तीन तोंडांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि ती खोल समुद्रात निघून गेली. मग होड्या बेटावर गेल्या. सहाही माणसं जिवंत होती, फक्त दाढ्या वाढल्या होत्या.

राजानं भानजीला विचारलं, "ते काय बोललं?"

भानजी पहिल्यांदा खरं बोलला. "मला कळलं नाही, महाराज."

मग खलाशी सुटला. भानजीला खजूरवाल्यापुढे बसवलं: पाणी, भाकर, दुखतंय. आणि ज्यानं सहा वर्षं दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, त्या राजालाही लोकांनी त्याच्या शेजारी बसवलं. धाकलू घरी गेला, पोशीनं भाकर थापली, आणि सगळी सुखानं राहिली.

बाहेर वाजतंय तो वारा आहे, दुसरं काही नाही. मिटा आता डोळे.