वडावर तीस, चिंचेवर दहा

फार जुन्या काळी ओढ्याकाठच्या वडावर तीस पोपट असत, समोरच्या चिंचेवर दहा. रानाचा कारभारी बगळा रोज मोजून जाई. एकदा त्याने फर्मावलं, “आकडा कधी हलत नाही, म्हणजे तुम्ही नुसते बसून खाता. चिंच रिकामी करा!”

राघी पोपटीण संतापली. “दिवसभर या झाडावरून त्या झाडावर उडून आमचे पंख भरून येतात!” तिने चिंचेवरच्या दहाही जणांना पळसफुलांचा केशरी रंग फासला.

दुपारी बगळ्याने मोजलं. वडावर तीस, चिंचेवर दहाच. पण केशरी पोपट चिंचेवर तीन आणि वडावर सात!

“जितके गेले, तितकेच आले,” राघी कडाडली.

बगळ्याने हुकूम मागे घेतला. राघीचा राग मात्र उतरला नाही. “मोजायला रोज आलात,” ती म्हणाली, “घटकाभर थांबून बघायला एकदाही नाही.”