वाळूला जाग आणणं

"...पण ही जाग आणायची रीत काढली कुणी, सर?"

गुंजीकर सर खिडकीबाहेर बघत राहिले. उजवा हात पँटच्या खिशात. तो हात कायम तिथंच असायचा. काही जणांना त्यात रुबाब दिसे. शलाकाला माज दिसायचा.

शलाका टेमघरे त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. विषय वाळू. ओल्या वाळूला पुन्हापुन्हा हादरे दिले तर ती किती तग धरते, एवढाच. ऐकायला फुसका वाटतो. पण खाडीवरचे पूल आणि बंदरांचे धक्के वाळूच्या त्या तग धरण्यावरच उभे असतात.

काम ठरलेलं. साच्यात वाळू भरायची, पाण्यानं भिजवायची, रबरी पिशवीत बंद करून यंत्रावर उभी करायची. आणि बंद करण्याआधी बोटाच्या पेरानं साच्यावर हलकेच टकटक करायची. या प्रयोगशाळेत त्याला 'वाळूला जाग आणणं' म्हणत. कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं. जुना विद्यार्थी नव्याला सांगायचा, चपला बाहेर काढ म्हणावं तितक्या सहज. कशाला, असं कुणी विचारलं नाही. मोठे करतात म्हटल्यावर आपल्याकडे डोकं बाजूला ठेवायची सोय असते.

शलाकानंही ठेवलं होतं. तिची वाळू सगळ्यांत टिकाऊ निघाली, तेव्हा ती मिरवलीही. हिच्या हाताला गुण आहे, असं सर भर परिषदेत म्हणाले होते. ते वाक्य तिनं घरी आईला दोनदा ऐकवलं होतं.

प्रबंध द्यायला महिना उरला आणि कुकरच्या वाफेनं तिचं बोट पोळलं. बोटाला पट्टी. नमुना तसाच, जाग न आणता, यंत्रावर चढला.

वजन तेच, उंची तीच, हादरे तेच. वाळूचा खांब थोडा वेळ उभा राहिला. मग... आवाज नाही, तडा नाही. इतका वेळ एकमेकांना धरून बसलेल्या कणांनी हात सोडले, सगळा भार पाण्यावर आला, आणि खांबाचा रबडा झाला.

ती बघतच राहिली. एवढ्या लवकर तिची वाळू कधीच गेली नव्हती.

तिनं तसाच दुसरा नमुना भरला. पुन्हा गेला. बोट बरं झाल्यावर एक नमुना टकटक करून भरला. तो उभा राहिला, नेहमीसारखा ताठ. टकटकीनं कण एकमेकांना घट्ट धरत होते.

आणि आता ती सरांपुढे उभी होती. मागे यंत्रावर एक नमुना तयार होता, जाग न आणलेला. पडद्यावर त्याच्या पाण्याच्या दाबाची रेघ सरळ चालली होती.

"सहा वर्षं मी वाळू मोजत नव्हते, सर. माझं बोट मोजत होते."

सरांनी पडद्याकडे पाहिलं.

"आणि वाळूच्या ताकदीचा तुमचा तो छापील तक्ता? लोक त्यावरून पाये आखतात. तोही बोटाचाच ना?"

"हो."

तिला वाटलं होतं, ते झिडकारतील. प्रबंध देऊन टाक, मग बघू, म्हणतील. त्या सगळ्याला तिनं उत्तरं घोकून ठेवली होती.

सर स्टुलावर बसले आणि हळूहळू सांगू लागले. रीत त्यांच्या गुरूंची, कानविंदे सरांची. कानविंदे नमुना भरायचे तेव्हा सगळा वर्ग श्वास रोखून बघायचा. शेवटी साच्यावर त्यांचं बोट टकटक वाजायचं. एकदा कुणीतरी विचारलं, हे काय सर? वाळूला जाग आणतोय, ते म्हणाले. पोरांनी तेच उचललं. पुढं ती पोरं मास्तर झाली...

"जाग वगैरे काही नव्हतं," सर म्हणाले. "त्यांना कंप होता. बोट आपोआप लागायचं."

शलाकाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. एका म्हाताऱ्याच्या हाताची थरथर, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिचीच नक्कल. वह्यांत ती कुणी नोंदवली नव्हती. वाळूनं मात्र प्रत्येक वेळी ओळखली होती.

"तुम्हाला दिसत नव्हता का त्यांचा हात?"

"दिसत होता."

"मग?"

"सरांच्या हाताकडे बघायचं नसतं, अशात वाढलो आम्ही."

"घाबरट होतात."

"होतो."

मग तिनं खरा प्रश्न विचारला. लिहू काय? खरं लिहिलं तर सहा वर्षं पाण्यात, आणि तुमचं आयुष्य. नाही लिहिलं तर कुठल्या तरी धक्क्याखालची, बोट न लागलेली वाळू एक दिवस हात सोडेल.

सरांनी उजवा हात खिशातून काढला.

शलाकानं तो हात पहिल्यांदाच नीट पाहिला. वाऱ्यातल्या पानासारखा तो हलत होता. सरांनी तो अलगद यंत्राच्या कठड्यावर टेकवला.

पडद्यावरची रेघ शहारली.

केसाएवढीच. पण शहारली. रबराच्या आत, पाण्याच्या आत, लाखो कणांना तो हात कळला होता. दोघंही त्या रेघेकडे बघत राहिली. शलाकाच्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता.

सरांनी हात उचलला. रेघ पुन्हा सरळ झाली.

त्यांनी डाव्या हातानं रिकामा साचा पुसला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं वाळूचं घमेलं ओढलं, मूठ भरली, सवयीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"थांब," सर म्हणाले.

ते उठले. दाराशी जाऊन त्यांनी बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी, पावलाचा आवाज होऊ न देता, व्हरांड्यातून चालू लागले. जिन्यापाशी पोचले. उतरले.

शलाका मूठ धरून उभी. पडद्यावरची रेघ इतकी निश्चल तिनं कधी पाहिली नव्हती.

खालून, अंगणाच्या पार टोकावरून, सरांचा आवाज आला.

"आता भर."