सटवाजीची पाठ लागली त्याची गोष्ट

लई जुनी गोष्ट आहे, तुमच्या आज्याच्या आज्याला मिशी फुटायच्या आधीची. पोरांनो, नीट बसा. म्हाताऱ्यांनो, तुम्हीही पेंगू नका; ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

एका राज्यात, नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा मल्ल राहत होता. मान रेड्यासारखी आणि स्वभाव गाईसारखा. तो आखाड्यात उतरला की समोरच्याची पाठ मातीला लागलीच म्हणून समजा. त्याची स्वतःची पाठ मात्र मातीनं कधी पाहिली नव्हती.

गावाला त्याचा भारी अभिमान. लोक बाजाराला गेले की आपलं नाव सांगायच्या आधी सांगत, "आम्ही सटवाजीच्या गावचे." फक्त त्याची बायको गोजरा त्याला मोजत नसे. "बाहेर असाल मल्ल. इथं जरा पाय उचला, झाडायचंय," असं म्हणे, आणि तो गपगुमान पाय उचली.

एका वर्षी जत्रेच्या मोठ्या कुस्तीला नदीपलीकडून एक तरणा गडी आला. त्या मुलखाची रीत अशी, की कुस्तीआधी दोघांनी एकमेकांच्या अंगाला आखाड्यातली माती चोळायची. घामानं पकड निसटू नये म्हणून, आणि कुणी चोरून अंगाला तेल लावून आला असेल तर तिथंच कळावं म्हणून. सटवाजीनं त्या गड्याच्या खांद्यांना, पाठीला माती चोळली. गड्यानं आधी वाकून पाया पडून मग सटवाजीला चोळली. हलगी वाजली आणि कुस्ती लागली.

लांबवत नाही. सटवाजी पडला. चारी मुंड्या चीत पडला. आभाळाकडं बघत पडून राहिला, आणि त्याला वाटलं, हे आपल्याला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी झालंय.

घरी गोजरानं पाणी तापवून ठेवलं होतं. ती केसांतली, पाठीची माती काढायला लागली.

तो म्हणाला, "गोजरा, माझं नाव गेलं."

"कुठं गेलं? सकाळीच तुमच्या नावाचं कुंकू लावलंय मी. हलू नका, डोळ्यात पाणी जाईल."

दुसऱ्या दिवशी गाव त्याच्या ओट्यावर जमलं. माया आली की माणसाची अक्कल जरा बाजूला बसते, तसं झालं. एक म्हणाला, माती ओली होती. दुसरा म्हणाला, दृष्ट लागली. गावातला गाडीवान म्हणाला, "त्यानं तेल लावलं असणार. नाहीतर आपला सटवाजी पडतोय होय?"

सगळे सटवाजीकडं बघायला लागले. त्याला ठाऊक होतं, तेल नव्हतं. त्याच्या तळहातांना ठाऊक होतं. पण एवढी माणसं एवढ्या आशेनं बघत होती, की त्याच्या तोंडून निघून गेलं, "असेल."

एवढंच बोलला. पण उन्हातून आल्यावर ताक प्यावं तसं त्याला बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत 'असेल'चं 'होतंच' झालं. पाणवठ्यावर ते एरंडेल होतं, शेजारच्या गावी पोचेपर्यंत घोरपडीचं तेल झालं, आणि त्यापुढच्या गावात तर ते काढून देणारा वैदूही लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता.

गोजरानं विचारलं, "माती तुम्हीच चोळली होती ना त्याला?"

"हो."

"मग?"

सटवाजी म्हणाला, "भाकरी वाढ." तिनं भाकरी वाढली. सोबत कालवण, कोरड्यास काही वाढलं नाही.

गोष्ट राजाच्या कानावर गेली. त्या राज्यात तेल लावणं म्हणजे लहान गुन्हा नव्हता. आळ खरा ठरला तर मल्लानं लंगोट उतरवून ठेवायचा आणि जन्मात पुन्हा आखाड्यात पाय टाकायचा नाही. राजाचा कारभारी आला. आखाड्यात सारा मुलूख गोळा झाला. कारभाऱ्यानं त्या तरण्या गड्याला पुढं बोलावलं आणि विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

गडी कारभाऱ्याशी बोललाच नाही. तो सटवाजीकडं वळला.

"दादा, लहान होतो तेव्हा तुमची कुस्ती बघायला मी नदी पोहून यायचो. आई मारायची, तरी यायचो. मी काय सांगू? माती तुम्ही चोळलीत. तुम्ही तेल म्हणालात तर तेल. मी लंगोट ठेवून जातो."

मागून गाडीवान पुटपुटला, "म्हण लेका. म्हण."

म्हटलं असतं तर न हरलेला सटवाजी म्हणून तो मरेपर्यंत मिरवला असता. कुणी हरकत घेणार नव्हतं. त्या पोरानंही घेतली नसती, आणि तेच सटवाजीला खुपलं.

"तेल नव्हतं," तो म्हणाला. "असतं तर पहिलं माझ्या हाताला लागलं असतं. यानं मला पाडलं. चांगलं पाडलं. मी 'असेल' म्हणालो ते खोटं म्हणालो."

मग गाव चिडलं.

"तुझ्यासाठी आम्ही गावोगाव भांडलो," गाडीवान म्हणाला, "आणि तू आम्हालाच तोंडघशी पाडलंस."

"भांडायला कारण मीच दिलं. शिव्या मला घाल."

गाडीवानानं घातल्या. पोटभर घातल्या. त्यानंतर बरेच महिने सटवाजीच्या ओट्यावर कुणी फिरकलं नाही, आणि बाजारात कुणी त्याचं नाव घेतलं नाही. त्याला ते लागलं नाही असं मी सांगणार नाही. लागलं. गोजरा रोज त्याच्या ताटात जास्तीचं कोरड्यास वाढायची आणि वर म्हणायची, "उरलंय म्हणून वाढते."

पुढच्या जत्रेत दोन गावांच्या मल्लांची कुस्ती झाली. एक गाव म्हणे पाठ लागली, दुसरं म्हणे नाही लागली. काठ्या निघाल्या. डोकी फुटणार, तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी खेकसली, "मेल्यांनो, भांडता कशाला? तो बघा सटवाजी बसलाय. आपली स्वतःची पाठ लागली हे ज्यानं भरल्या आखाड्यात सांगितलं, तो दुसऱ्याची लागली की नाही ते खरंच सांगेल."

काठ्या खाली आल्या. दोन्ही गावं सटवाजीकडं बघायला लागली.

सटवाजी म्हणाला, "एकच खांदा लागला, पाठ नाही. पुन्हा धरा."

दोन्ही गावांनी ते मानलं. पुन्हा कुस्ती धरली.

तेव्हापासून त्या मुलखात सटवाजी आखाड्याच्या कडेला येऊन बसल्याशिवाय हलगी वाजायची नाही. तो पाडत होता तेव्हा त्याचं गाव त्याच्या नावानं मिरवायचं. पडल्याचं कबूल केल्यावर त्याच्या शब्दावर सगळी गावं काठ्या खाली ठेवू लागली.

म्हणून सांगतो, हरल्यानं माणसाची अब्रू जात नाही. हरलोच नाही म्हटल्यानं जाते.