सुरंगवाडीतला न सारवलेला कोपरा

दसरा उलटला की सुरंगवाडीत खळ्यांची पाहणी होते. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. पावसाने उखडलेली माती खणून, चोपून, शेणाने सारवून ते नवं करायचं आणि भोवतीचा दगडी गडगा कमरेइतकाच ठेवायचा, हा गावकीचा नेम. पाहणीचा मानकरी घरोघर फिरतो. गडग्याचा चिरा हलवून बघतो, सारवण बोटाने चाचपतो, दारात लाकडं रचलेली दिसली तर चार शब्द सुनावतो. एवढा काटेकोर माणूस, पण प्रत्येक खळ्याच्या एका कोपऱ्यात गवत माजलेलं असतं, आणि तिथे आला की तो मुकाट पाठ फिरवतो. पाहुण्यांना वाटतं, काहीतरी लाच खाल्ली असणार. तसं नाही. त्यामागे गोमाजी गावकराची गोष्ट आहे, असं सांगतात.

गोमाजी गलबतांच्या काळातला. माणूस कष्टाळू, हाताचा स्वच्छ, पण मनाने भारी संशयी. शेजारी खोकला तरी याला वाटायचं, आपल्यालाच उद्देशून खोकला. दोन बायका विहिरीवर हळू आवाजात बोलल्या की हा तिथे हटकून पाय धुवायला जायचा. खळ्यांचे नेम गावकीपुढे मांडले ते त्यानेच, म्हणे. वाडी देखणी दिसेल, असं त्याने सगळ्यांना पटवलं. गडगा कमरेइतका का, याचं खरं कारण त्याच्या पोटात होतं. रस्त्याने जाताना आत कोण काय करतं ते दिसायला हवं होतं. गावकीने नेम मान्य केले आणि पहिल्या पाहणीचा मान अर्थातच त्याला मिळाला.

पाहणीच्या आधीच त्याने वाडीला दोन-चार फेऱ्या मारल्या. सगळी खळी चोपून तयार होत होती. फक्त भिवराच्या खळ्यात एक कोपरा तसाच होता. भिवरा ही वाडीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा. तिचा मुलगा शाबी परमुलखात कामाला गेला तो परतला नव्हता. बाकीचं खळं तिने आरशासारखं केलं होतं, पण त्या कोपऱ्यात गवत वाढलेलं, मधोमध कोंबड्यांचं डालगं उपडं घातलेलं आणि वर माडाच्या झापांचं छप्पर. डालग्याखाली कोंबडी नव्हती. मग छप्पर कशासाठी?

गोमाजीने विचारलं. भिवरा म्हणाली, "तो कोपरो तसोच रवतलो," आणि केरसुणी घेऊन आत गेली. एवढंच पुरलं. त्याच महिन्यात एकाची म्हैस आटली होती, दुसऱ्याच्या पोराचा ताप उतरत नव्हता. गोमाजीने दोन्ही गोष्टी त्या डालग्याखाली नेऊन ठेवल्या. लोक आधी हसले. मग भिवराच्या गडग्यावरून तेही डोकावू लागले, आणि डोकावणाऱ्याला काहीतरी दिसतंच. शेवटी गावकीने ठरवलं की पाहणीच्या दिवसापर्यंत कोपरा सारवला नाही तर भिवराला वाळीत टाकायचं. तिला कुणी विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, मेली तर खांदाही द्यायचा नाही. तरी भिवरा गप्प. आपण कुणाची वाट बघतोय ते उघड बोललं की त्याची वाट आणखी लांबते, असं तेव्हा मानत.

पाहणीच्या दिवशी पहाटेच गोमाजीचा एकुलता मुलगा रवळू गलबतावर निघाला. वारा चांगला होता, गलबताचा तांडेल थांबेना. खळं आदल्या संध्याकाळीच सारवलेलं, अजून ओलं. रवळू त्यावरून गेला आणि त्याची पावलं उंबऱ्यापासून गडग्यापर्यंत उमटली. गोमाजीच्या कपाळाला आठी पडली. त्याने बायकोला, द्वारकेला, शेणाचा गोळा घ्यायला सांगितला.

"झील आत्ताच भायर पडलो," ती म्हणाली. "आज केर काढूक नये, सारवूक नये, गेलेल्याची परतीची वाट पुसता. उद्या सारवतंय."

"पाहणी करणाऱ्याच्याच खळ्यात डाग दिसलो तर गाव काय म्हणतलो? सारव."

द्वारकेने सारवलं. त्याने वाकून बघितलं, एक बोटही उमटलेलं राहिलं नव्हतं. मग तो मुंडासं बांधून पाहणीला निघाला.

भिवराच्या दारात सगळी वाडी जमली होती. गोमाजी थेट कोपऱ्यात गेला आणि डालग्याला हात घातला.

"गावकारांनु, हात लावू नकात," भिवरा म्हणाली. पण तोवर त्याने डालगं उचललं होतं.

खाली एक पाऊल होतं. ओल्या सारवणात उमटून वाळलेलं, माणसाचं, उजव्या पायाचं. इतके पावसाळे गेले तरी ते कालच उमटल्यासारखं होतं, म्हणे.

"माजो झील गेलो त्या दिसाचां," भिवरा म्हणाली. "तो परत येयपर्यंत मी हय केरसुणी लावचंय नाय. टाका वाळीत."

गोमाजी तरीही वाकून ते पाऊल न्याहाळत राहिला, यात काही लबाडी आहे का ते बघत. आणि वाकल्यावाकल्याच त्याला आपलं खळं आठवलं. डालगं हातातून पडलं. तो धावत घरी आला. द्वारका ओट्यावर बसली होती आणि समोरचं खळं गुळगुळीत, नितळ, वाडीत सगळ्यांत सुरेख. तसाच तो बंदरावर धावला. शीड दिसत नव्हतं.

ते गलबत कुठल्याच बंदराला लागलं नाही. भिवराला वाळीत टाकायची गोष्ट मग कुणी काढली नाही. शाबी मात्र परत आला, असं काही जण सांगतात. नाही आला, असंही सांगणारे आहेत.

पुढच्या वर्षी गोमाजीने गावकीपुढे एकच नवा नेम मांडला. प्रत्येक खळ्यात एक कोपरा राखायचा आणि त्याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. लोकांना वाटलं, यातही म्हाताऱ्याचा काहीतरी डाव असणार. भिवरा तर गडग्याआडून कितीतरी दिवस त्याच्यावर नजर ठेवून होती. त्याने कुणाचीच समजूत काढली नाही. आपल्या खळ्याचा कोपरा राखला, त्यावर डालगं घातलं आणि झापांचं छप्पर केलं.

आजही गोमाजीच्या वंशजांच्या खळ्यात ते डालगं आहे. जुनं झालं की नवं विणून ठेवतात. त्याच्याखाली कुणाचंही पाऊल नाही, हे वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मानकरी तिथे येतो, थांबतो आणि पाठ फिरवतो.